पंचवीस सेकंदांची एक फेरी

१५० मीटर त्रिज्येचे एक चाक अंतराळात स्वतःभोवती फिरत आहे आणि त्याच्या परिघावर राहणाऱ्या माणसांना पृथ्वीइतकेच वजन जाणवायला हवे, असे समजू. गणित शाळकरी आहे. चाकाने एक फेरी सुमारे २५ सेकंदांत पूर्ण करायला हवी. चंद्रावरच्याइतक्या, म्हणजे एक षष्ठांश वजनावर भागणार असेल, तर एका फेरीला जवळजवळ एक मिनिट लागेल. आता हेच चाक चित्रपटात दाखवायचे आहे. आजच्या मुख्य प्रवाहातल्या चित्रपटात एक शॉट सरासरी तीन ते सहा सेकंद टिकतो. चाकाची एक फेरी पुरी व्हायच्या आतच किमान चार-पाच कट होऊन गेलेले असतील. दिग्दर्शकापुढे मग तीनच वाटा उरतात: चाक खोट्या वेगाने फिरवायचे, त्याचा एखादा तुकडा दाखवून पुढे निघून जायचे, किंवा २५ सेकंद थांबायचे. वास्तवाशी इमान राखू पाहणाऱ्या विज्ञानपटांविषयीचे बहुतेक वाद मला या तिसऱ्या वाटेवरच येऊन थांबलेले दिसतात.

माझा एक जुना मित्र माहितीपटांच्या संकलनाचे काम करतो. नको असलेला वेळ कापून टाकणे हाच त्याचा व्यवसाय असल्यामुळे या बाबतीत त्याचे मत ठाम आहे. ‘‘यान दिसलं की तुझा सिनेमा बसकण मारतो,’’ असे तो मला अनेक वर्षे ऐकवत आला आहे. त्याच्या मते असे चित्रपट म्हणजे सुंदर खिडक्यांची रांग असते. प्रत्येक खिडकीपाशी थांबून बाहेर पाहायचे आणि पुढच्या खिडकीकडे जायचे, मधल्या काळात कोणाचे काय झाले याची चौकशी करायची नाही. मी नेहमी विरुद्ध बाजूने बोलत आलो. गेल्या काही महिन्यांत मात्र मी काही चित्रपट हातात स्टॉपवॉच आणि वही घेऊन पुन्हा पाहिले (हा उद्योग कोणालाही सुचवण्यासारखा नाही) आणि माझे म्हणणे थोडे बदलले. ते का आणि किती बदलले, हे लिहून ठेवावे असे वाटले.

आधी माझी जुनी बाजू सांगतो, कारण ती मी सोडलेली नाही. पडद्यावर कोणत्याही वस्तूचा आकार थेट दिसत नसतो. वीतभर लांबीचे खेळणे आणि अर्ध्या किलोमीटरचे यान पडद्याची सारखीच जागा व्यापू शकतात. जमिनीवर शेजारी माणूस, झाड किंवा घर असते आणि डोळा तुलना करतो. दूरच्या डोंगरावर धुरकटपणा चढतो आणि त्यावरून अंतराचा अदमास येतो. अंतराळात यातले काहीही नाही. तिथे हवा नसल्यामुळे हजार मीटरवरची वस्तू दहा मीटरवरच्या वस्तूइतकीच रेखीव दिसते. मग मोठेपणा कळायचा तो हालचालीवरूनच. लहान प्रतिकृती वापरून धरणे फोडणारे आणि पूल पाडणारे जुने तंत्रज्ञ हे पक्के जाणून होते. पंचवीस पट लहान प्रतिकृतीत वरून पडणारा दगड पाचपट लवकर तळाला पोहोचतो, कारण पडायला लागणारा वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. म्हणून असा प्रसंग सेकंदाला २४ ऐवजी १२० चौकटी या वेगाने टिपायचा आणि नेहमीच्या वेगाने दाखवायचा. तसे केले नाही, तर भौतिकशास्त्राचा गंध नसलेल्या प्रेक्षकालाही हे धरण टेबलावर मांडलेले आहे हे तत्काळ जाणवते. त्याला कारण सांगता येणार नाही, पण तो फसणार नाही.

अंतराळात असे पडणे नसले तरी जडत्व असतेच. शेकडो टनांचा सांगाडा विमानासारखा झटक्यात वळवला, तर त्याचे सांधे निखळतील आणि आतली माणसे भिंतींवर आपटतील. प्रत्यक्षात आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर वेगाने पृथ्वीभोवती फिरत असते आणि त्याला जोडले जाणारे यान शेवटच्या टप्प्यात त्याच्या दिशेने सेकंदाला दहा सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी वेगाने सरकत असते; रांगणारे मूल ते अंतर अधिक लवकर कापेल. हे दोन्ही वेग एकाच वेळी खरे असतात, आणि अंतराळप्रवासाचे खरे नवल मला या जोडीत दिसते. यान भर्रकन येऊन खटकन जोडले गेले असे दाखवणारा चित्रपट वेळ वाचवतो, पण त्या बदल्यात यानाचे वस्तुमान गमावतो आणि पडद्यावर उरतो तो रंगवलेला पत्रा. वस्तूचा आकार दाखवायचा तर त्याची किंमत सेकंदांत मोजावी लागते, एवढे म्हणणे मला आजही मान्य आहे.

मित्राचे उत्तर असे, की किंमत मोजल्याबद्दल त्याची तक्रार नाही. त्या किमतीत प्रेक्षकाच्या पदरात काय पडले, एवढेच तो विचारतो. हा प्रश्न मी पूर्वी झटकून टाकत असे. आता तसे करता येत नाही. गती आणि लय यांची आपण फार सहज गल्लत करतो. गतीचा हिशेब घड्याळाने होतो. लय मात्र वाट पाहण्यावर उभी असते. विलंबित ख्यालाचे आवर्तन लांबलचक असूनही श्रोता त्यात गुंतून राहतो, कारण सम कुठे आहे हे त्याला ठाऊक असते आणि गायक तिथे कसा पोहोचणार याची उत्सुकता असते. समेचा पत्ताच नसेल, तर तेवढ्याच मात्रा रटाळ वाटतील. चित्रपटातल्या २५ सेकंदांच्या चाकालाही हेच लागू आहे. ते फिरत असताना मी कशाची वाट पाहतो आहे?

चित्रपटांना हा प्रश्न फार लवकर पडलेला होता. फ्रिट्झ लांगने १९२९ साली ‘फ्राउ इम मोंड’ हा चंद्रप्रवासाचा मूकपट केला, तेव्हा त्याच्या सल्लागारांत हेर्मान ओबेर्थ हा अग्निबाणांचा अभ्यासक होता आणि तांत्रिक बाजू शक्य तितकी खरी ठेवण्याची धडपड त्यात दिसते. त्यात प्रचंड अग्निबाण त्याच्या उंच शेडमधून रुळांवरून अगदी सावकाश बाहेर आणला जातो. देखावा म्हणून तो आजही दिपवतो, आणि तो लांबतोही. पण उड्डाणाच्या वेळी लांगने एक युक्ती केली. उरलेले सेकंद पाट्यांवरून उलट्या क्रमाने मोजत शून्यावर आणले. एक, दोन, तीन असे पुढे मोजत गेलो तर थांबायचे कुठे हे प्रेक्षकाला कळत नाही, उलटे मोजले तर शून्य कधी येणार ते त्याला कळते, अशी त्याची कारणमीमांसा होती. पुढे खऱ्या अग्निबाणांच्या तळांवरही काउंटडाउन रूढ झाले. मला यात गंमत वाटते ती अशी, की दिमाखदार अग्निबाण दाखवल्यावरही लांगला अंकांच्या साध्या पाट्यांची गरज भासली. अग्निबाणाने डोळे भरले आणि पाट्यांनी श्वास रोखून धरला. दोन्ही कामे एकट्या अग्निबाणाकडून होणार नाहीत, हे त्याने ओळखले होते.

माझ्या वहीची सर्वाधिक पाने अर्थातच स्टॅन्ली कुब्रिकच्या १९६८ सालच्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ने भरली आहेत. ‘संथ पण सुंदर’ या शेऱ्याचा जन्मच बहुधा या चित्रपटापाशी झाला असावा. पहिला संवाद ऐकू येण्याआधी त्यात सुमारे २५ मिनिटे जातात. पहिल्या खेळांनंतर खुद्द कुब्रिकलाच तो लांबलेला वाटला आणि त्याने सुमारे १९ मिनिटे कापली. आज आपण पाहतो ती आवृत्ती त्यानंतरची आहे. त्यामुळे या चित्रपटाच्या नावाने संथपणाची पूजा बांधणाऱ्यांनी कात्री स्वतः दिग्दर्शकानेच चालवली होती हे विसरू नये, असे मित्राने मला सुनावले होते, आणि ते खरे आहे.

पण वहीत वेळा लिहीत गेल्यावर वेगळेच काही दिसू लागले. हा चित्रपट सरसकट संथ नाही. कोणता वेळ ठेवायचा आणि कोणता गाळायचा याबद्दल तो जवळजवळ हट्टी आहे. आदिमानवाने हवेत उडवलेले हाड आणि अंतराळात तरंगणारा उपग्रह यांच्यामध्ये एकच कट आहे आणि तेवढ्यात लक्षावधी वर्षे निघून जातात. याहून वेगवान कट मला माहीत नाही. पुढे गुरूच्या दिशेने निघालेल्या यानावरच्या अंतराळवीरांची मुलाखत दूरचित्रवाणीवर दाखवली जाते. पृथ्वीवरचे शब्द यानापर्यंत पोहोचायला सात मिनिटे लागतात, पण हा विलंब या ध्वनिमुद्रणातून काढून टाकलेला आहे, असे निवेदक सरळ सांगतो. मला हे वाक्य ऐकून दर वेळी हसू येते. वास्तवाचा मान राखायचा, तो कंटाळवाणा भाग आपण कापला आहे हेही सांगून टाकायचे आणि कापण्याचे खापर चित्रपटातल्याच एका निवेदकावर फोडायचे, असे तिहेरी काम त्या एका वाक्यात झाले आहे. सात मिनिटांची शांतता वास्तव आहे, पण त्यात पाहण्यासारखे काही नाही, म्हणून ती गेली. वर्तुळाकार कक्षात एकटाच धावणारा अंतराळवीर आहे, त्यात पाहण्यासारखे पुष्कळ आहे, म्हणून तो राहिला. वरची दिशा आणि खालची दिशा आपल्या डोळ्यांदेखत निरर्थक होते आणि ती व्हायला तेवढा वेळ लागतोच.

याच चित्रपटातला सर्वांत भीषण प्रसंग दृश्य म्हणून जवळजवळ भिकारी आहे. शीतनिद्रेत असलेल्या तीन शास्त्रज्ञांचा संगणक जीव घेतो, आणि आपण काय पाहतो? पडद्यावरचे आलेख आणि इशाऱ्याची अक्षरे. आधी संगणकात बिघाड, मग जीवनक्रिया धोक्यात, मग जीवनक्रिया समाप्त. रेषा सपाट होतात. संगीत नाही, किंकाळी नाही, यानाचे एकही विहंगम दृश्य नाही. तरीही या प्रसंगात कोणी घड्याळाकडे पाहिल्याचे मी पाहिलेले नाही. दृश्यवैभव आणि लय यांचा संबंध व्यस्त आहे असे मला यावरून म्हणायचे नाही. मात्र लयीला वैभवाची गरज नसते एवढे इथे सिद्ध होते. वैभवाला मात्र लयीवाचून भागत नाही.

या टप्प्यावर पडद्याच्या आकाराचा मुद्दा मांडायला हवा. आम्हा दोघांच्या वादातला निम्मा भाग त्यामुळेच होता असे मला आता वाटते. १९६८ साली हा चित्रपट अनेक ठिकाणी सिनेरामाच्या अवाढव्य वक्र पडद्यांवर दाखवला गेला. तशा पडद्यावर एक चौकट एका नजरेत मावत नाही. डोळ्याला डावीकडून उजवीकडे फिरावे लागते, मध्ये एखाद्या उजळ खिडकीत हलणारी चिमुकली माणसे सापडतात, तिथून नजर पुन्हा यानाच्या टोकाकडे जाते. पंधरा सेकंदांच्या शॉटमध्ये पंधरा सेकंद पुरेल इतके काम डोळ्याला असते. तोच शॉट घरच्या टीव्हीवर तीन सेकंदांत वाचून होतो आणि उरलेली बारा सेकंदे रिकामी पडतात. हातातल्या फोनवर तर पहिल्याच सेकंदाला सगळे संपते. म्हणजे एकाच शॉटची लांबी एका पडद्यावर योग्य आणि दुसऱ्यावर अती ठरते. मी ते चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहिले होते आणि मित्राने, पुढे चौकशी केल्यावर कळले त्याप्रमाणे, त्यातले बहुतेक लॅपटॉपवर. इतकी वर्षे आम्ही दोन वेगवेगळ्या चित्रपटांविषयी भांडत होतो. तरीही यातून दिग्दर्शकाची पूर्ण सुटका होत नाही, कारण ज्या प्रसंगांना कथेचा आधार आहे ते फोनवरही टिकतात. पडदा लहान होत गेला की केवळ डोळ्यांसाठी ठेवलेला वेळ उघडा पडतो, आणि तो किती होता हे मोजायला लहान पडद्यासारखे साधन नाही.

डोळ्यांसाठीचा वेळ आणि कथेसाठीचा वेळ एकच असू शकतो का? असू शकतो, आणि त्याचे मला सापडलेले सर्वांत नेटके उदाहरण डॅनी बॉयलच्या २००७ सालच्या ‘सनशाइन’मध्ये आहे. सूर्य विझत चालला आहे आणि त्याला पुन्हा चेतवायला एक यान निघाले आहे, ही मूळ कल्पना भौतिकशास्त्राच्या कसोटीला उतरत नाही. पण ती एकदा मान्य केली की यानातले जगणे मात्र बरेच विश्वासार्ह वाटते. सुरुवातीलाच यानावरचा मानसोपचारतज्ज्ञ सूर्य पाहण्याच्या कक्षात बसून संगणकाकडे चार टक्के तेजाची मागणी करतो. चार टक्क्यांनी डोळ्यांना कायमची इजा होईल, असे उत्तर येते, मात्र ३.१ टक्के तेज जास्तीत जास्त ३० सेकंद पाहता येईल. मग पडदा सोनेरी उजेडाने भरून जातो.

या प्रसंगाची बांधणी नीट पाहण्यासारखी आहे. देखावा दाखवण्यापूर्वीच त्याची मुदत ठरली आहे. मुदतीला कारण आहे आणि कारण शरीराशी निगडित आहे. आपण जे पाहतो आहोत ते मूळ तेजाचा केवळ किरकोळ हिस्सा आहे हे आकड्याने सांगितले गेल्यामुळे न दाखवलेले ९६.९ टक्के आपल्या मनात पेटतात. शिवाय हा माणूस पुन्हा इथे येणार, त्याला अधिक हवे असणार, ही शंका मनात रुजते. म्हणजे त्या उजेडात पात्र उभे राहते, धोका सांगितला जातो, नियम समजतो, आणि तरीही ते आधी आणि नंतर एक अप्रतिम दृश्यच असते. माझ्या मित्राने हा प्रसंग पाहून एक शब्दही उच्चारला नाही. त्याच्याकडून एवढे पुष्कळ झाले.

दुर्दैवाने त्याच चित्रपटाचा शेवटचा भाग उलट बाजूचे उदाहरण आहे. कोणाला तरी तिथे भीती वाटली असावी, की सूर्य, उष्णता आणि कमी पडणारा प्राणवायू एवढ्यावर प्रेक्षक थांबणार नाही. म्हणून आधीच्या मोहिमेतला एक भाजलेला, वेडावलेला कप्तान यानात शिरतो आणि पाठलाग सुरू होतो. तो दिसला की चित्र थरथरते, विरघळते, कट झपाट्याने पडू लागतात. गती वाढली आणि ताण उतरला, कारण कोण यानाच्या कोणत्या भागात आहे हेच कळेनासे झाले. आधीच्या तासाभरात कष्टाने उभी केलेली जागा पाच मिनिटांत मोडली. २०१९ सालच्या ‘ॲड ॲस्ट्रा’त चंद्रावर गाड्यांचा पाठलाग आहे. तो पाहताना मी खुर्चीत पुढे सरकलो होतो, पण तो गाळला तर कथेवर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. संथ चित्रपटाला ‘गती देण्यासाठी’ टाकलेले असे प्रसंग मला संथ प्रसंगांहून जास्त थकवतात. जी वाट मी पाहत होतो ती विसरून मला तात्पुरती दुसरीच वाट पाहायला लावतात आणि मग पुन्हा पहिल्या जागी आणून सोडतात.

अल्फोन्सो क्वारोनच्या ‘ग्रॅव्हिटी’वर (२०१३) हा आरोप करता येत नाही. जेमतेम दीड तासाचा हा चित्रपट सुमारे १३ मिनिटांच्या एकाच अखंड वाटणाऱ्या शॉटने सुरू होतो. कट नसल्यामुळे तो संथ वाटायला हवा होता, पण तसे होत नाही. कॅमेरा तरंगत तरंगत पृथ्वी दाखवतो, दुर्बीण दाखवतो, गप्पा मारणारी माणसे दाखवतो, आणि हे सगळे निवांत चाललेले असतानाच फुटलेल्या उपग्रहांच्या भंगाराच्या ढगाची बातमी येते. तो ढग पृथ्वीला फेरी मारून ९० मिनिटांनी परत येणार आहे. कक्षेचा नियम हेच चित्रपटाचे घड्याळ झाले. खलनायक नको, बाँबच्या लाल आकड्यांची गरज नाही. परिभ्रमणकाळ आहे, तो पुरेसा आहे. त्यानंतर पृथ्वीवरचा सूर्योदय कितीही वेळ दाखवला तरी तो केवळ सूर्योदय राहत नाही. प्रकाश कोणत्या बाजूला आहे त्यावरून वेळ किती उरला याचा हिशेब मन करू लागते.

वास्तवाच्या नावाने मात्र या चित्रपटाने मोठी सवलत घेतली आहे. हबल दुर्बीण सुमारे ५०० ते ५५० किलोमीटर उंचीवर आणि विषुववृत्ताशी साडेअठ्ठावीस अंशांचा कोन करून फिरते, अंतराळस्थानक सुमारे ४०० किलोमीटरवर आणि ५१.६ अंशांच्या कोनात. एकाकडून दुसऱ्याकडे पाठीवरच्या यंत्राने जाणे निव्वळ अशक्य आहे. लयीसाठी इथे भूगोलाचा बळी दिला आहे. मी तो का चालवून घेतो याचे समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. कदाचित प्रत्येक टक्कर, प्रत्येक गिरकी न्यूटनच्या नियमांना धरून चालते, म्हणून नकाशातली चूक डोळ्याआड होते. पण दोरीचा तो प्रसिद्ध प्रसंग, ज्यात दोरीच्या टोकाला असलेला अंतराळवीर सहकारी वाचावी म्हणून स्वतःला सोडवून घेतो आणि दूर जातो, मला अजून खटकतो. दोघेही स्थिर झालेले असताना कोणते बळ त्या अंतराळवीराला खेचत असते? त्या क्षणी मी कथेतून बाहेर पडलो आणि आजवर त्या प्रसंगात पुन्हा शिरू शकलेलो नाही.

क्रिस्टोफर नोलनच्या ‘इंटरस्टेलर’विषयी (२०१४) बोलताना कृष्णविवराचा उल्लेख टाळता येत नाही. किप थॉर्न या भौतिकशास्त्रज्ञाच्या समीकरणांवर आधारलेल्या त्या चित्राच्या काही चौकटी तयार करायला शंभर तासांपर्यंत वेळ लागला, असे ते काम करणाऱ्यांनी सांगितले आहे. त्यातही एक तडजोड होती. कृष्णविवराभोवती वेगाने फिरणाऱ्या वायूच्या तबकडीची आपल्याकडे येणारी बाजू जास्त उजळ दिसायला हवी, पण प्रेक्षक गोंधळेल म्हणून हा फरक वगळला. थॉर्न आणि दृश्यपरिणाम करणाऱ्या चमूने आपल्या २०१५ सालच्या शोधनिबंधात तो कसा दिसला असता हेही मांडले आहे. २०१९ साली एम८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराची प्रतिमा प्रसिद्ध झाली, तेव्हा तिचे कडे एका बाजूला स्पष्टपणे अधिक तेजस्वी होते. उजेडातले हे खोटे मला मुळीच खुपत नाही.

मला त्या चित्रपटात जास्त मोलाचा वाटतो तो एक साधा आकडा. पाण्याने व्यापलेल्या ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षे. मी वहीत भागाकार करून पाहिला: एका मिनिटाला जवळजवळ ४३ दिवस. क्षितिजावरचा डोंगर खरे तर लाट आहे हे लक्षात येते, तेव्हा ती लाट भव्य दिसतेच, पण ती पाहत उभे राहणे परवडणारे नाही हेही आपल्याला माहीत असते. देखावा इथे दिवसांच्या आणि महिन्यांच्या भावाने विकत घ्यावा लागतो. मग नायक आणि त्याची सहकारी मूळ यानावर परततात. २३ वर्षे गेलेली आहेत. नायक साठलेले संदेश पाहायला बसतो आणि मुले त्याच्या डोळ्यांदेखत मोठी होत जातात. त्या वेळी चित्रपट कृष्णविवर विसरतो, ग्रह विसरतो आणि एका चेहऱ्यापाशी थांबतो. लाटेवर केलेला सगळा खर्च या चेहऱ्यावर वसूल होतो. लाट नसती तर हे रडणे पोकळ वाटले असते, आणि हे रडणे नसते तर लाट एक करामत ठरली असती. पुढे याच चित्रपटात शब्दांनी फार समजावून सांगितले जाते आणि लयीला खरा फटका तिथे बसतो, ही माझी जुनी कुरकुर आहे. लांबलेल्या दृश्याला आपण लगेच रटाळ म्हणतो, लांबलेल्या स्पष्टीकरणाला मात्र कथा पुढे सरकल्याचे श्रेय देऊन मोकळे होतो.

वही भरल्यावर ती मी मित्राला दाखवली. त्याने आकड्यांवरून नजर फिरवली आणि एका ओळीवर बोट ठेवले. ‘२००१’मध्ये यानाबाहेर अडकलेला अंतराळवीर शिरस्त्राण नसताना स्वतःला आपल्या लहान वाहनातून यानाच्या निर्वात झडपकक्षात (एअरलॉकमध्ये) झोकून देतो, तो प्रसंग. दाराचे स्फोटक खिळे उडतात, तो भिंतींवर आदळत येतो, आणि हवा नसल्यामुळे कसलाही आवाज होत नाही. तो दांडा ओढतो, दार बंद होते, हवा आत घुसते आणि तेव्हा कुठे आवाज येतो. माझ्या वहीत या प्रसंगाचे नाव लिहिलेले होते आणि पुढची जागा कोरी होती. बटण दाबायचे राहून गेले असे मी कबूल केले. ‘‘मोजणीतसुद्धा पक्षपात,’’ असे म्हणून त्याने चित्रपट मागे नेला, स्टॉपवॉच स्वतःच्या हातात घेतले आणि दिवा मालवला. दार उडाले, मी त्याच्या अंगठ्याकडे पाहत होतो. त्याने बटण दाबले ते हवेचा आवाज आल्यावर.